ज्या पानाची मामांना भीती होती

“शैला, मामा उठेनात.”

रुक्कूमामींचा सकाळचा फोन एवढाच होता. पलीकडे रडणं नाही, ओरडणं नाही... नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी होते त्या साडीनिशी निघाले. राघव, म्हणजे माझा नवरा आणि मामांचा सख्खा भाचा, माझ्याआधीच स्कूटर काढून उभा होता. तंजावरात आमचं घर आणि मामांचं घर यांत दोन गल्ल्यांचं अंतर, पण त्या दिवशी ते संपेना. पोचलो तेव्हा मामा पलंगावर कुशीवर निजलेले होते. एक हात उशीखाली. कपाळ अगदी स्वच्छ, आठी नाही. इतक्या वर्षांत त्या माणसाचं बिनआठीचं कपाळ मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यानेच मला रडू फुटलं. जन्मभर धास्तावलेला माणूस, ना कोणाला घाबरवून, ना स्वतः घाबरून, झोपेत निघून गेला. मामांना मूल नव्हतं. सगळं राघवनेच केलं.

सेतुमाधवराव हे त्यांचं पूर्ण नाव. पूर्वज मराठ्यांबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, हिशेब तमिळमध्ये करतात आणि भांडण अगदीच हातघाईवर आलं की इंग्रजीत करतात. देवनागरी वाचता येणारं त्या घरात कोणी नाही. त्यामुळे हा लेख छापून आला तरी मामींना तो मलाच वाचून दाखवावा लागेल, आणि कुठे जास्तीचं बोलले असेन तर तिथेच ओरडा बसेल. म्हणून जपूनच लिहिते आहे. तरीही एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकते. सेतुमामा भित्रे होते. कुकरची शिट्टी व्हायच्या आत ते स्वयंपाकघरातून बाहेर पडायचे. रिक्षात बसले की रिक्षा सुरू व्हायच्या आधीच “हळू, हळू” म्हणायचे. दुचाकीवर तर ते जन्मात बसले नव्हते. लग्न होऊन आले तेव्हा मी याची मनसोक्त थट्टा करायची. मी साताऱ्याची, आमच्याकडे भित्र्या माणसाला कोणी सोडत नाही.

पण त्यांची माझी गट्टी जमली ती लग्नाच्या मांडवातच. पुण्यात कॉलेजात असताना मी तीन वर्षं जर्मन शिकले होते. का, तर मैत्रीण शिकत होती म्हणून. त्या जर्मनचा पुढे काडीचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मांडवात सगळ्या मावश्या-आत्या माझ्या दागिन्यांवर तमिळमध्ये चर्चा करत होत्या, तेवढ्यात वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसलेले एक उंच, वाकलेले गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, “तुम्हांला जर्मन येतें म्हणे. सांगा बघूं, व्हेंटिल म्हणजे काय?” मी ऐटीत म्हटलं, “व्हॉल्व्ह.” ते म्हणाले, “कुठला व्हॉल्व्ह?” मी गप्प बसले. त्यांचा चेहरा एकदम खुलला. राघवकडे वळून म्हणाले, “बरी आहे ही. कळलं नाहीं तर थांबते.” नवऱ्याच्या माणसांकडून मला मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि तीही उत्तर न आल्याबद्दल!

मामा तरुणपणी ओरिसातल्या एका पोलाद कारखान्यात इंजिनियर होते. तिथून प्रशिक्षणासाठी जर्मनीला गेले, भाषा शिकून आले. निवृत्त झाल्यावर तंजावरला परतून ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून दिवस काढायचे असं त्यांनी ठरवलं होतं. पण नेमके तेव्हा परदेशी मालाचे दरवाजे उघडले. आपल्याकडे जो तो यंत्रं आणायला निघाला. कावेरीच्या मुलखातले भात गिरणीवाले, साखरवाले, कोणी तेलवाले... जर्मनीतल्या बंद पडलेल्या कारखान्यांतली जुनी यंत्रं स्वस्तात घ्यायची, बोटीने मद्रासला उतरवायची आणि ट्रकने गावी आणायची. यंत्राबरोबर कागदांचा गठ्ठा यायचा आणि तो सगळा जर्मनमध्ये. मालक तो उलटा-सुलटा करून बघायचा, मग कोणीतरी सांगायचं की तंजावरला एक म्हातारा आहे, तो याचं इंग्रजी करून देतो. असं करता करता मामांच्या ओसरीवर गठ्ठे साचले, आणि त्यातले निम्मे माझ्या मांडीवर आले.

जर्मन लोक शब्दाला शब्द जोडून मोठी आगगाडी करतात. मामा हातात शिसपेन्सिल घेऊन शब्दावर तिरक्या रेघा मारायचे, डबे सुटे करायचे आणि शेवटच्या डब्यापासून वाचायला लागायचे. शेवटी व्हेंटिल आहे म्हणजे वस्तू व्हॉल्व्ह आहे, आता तो काय करतो ते मागे जाऊन बघ. ‘ड्रुकबेग्रेन्त्सुंग्सव्हेंटिल’ आणि ‘ड्रुकमिंडरव्हेंटिल’ हे दोन्ही दाबाचे व्हॉल्व्ह. पण दाब हद्दीबाहेर गेला की पहिला उघडतो आणि यंत्राला वाचवतो. दुसरा नुसता दाब कमी करून पुढे पाठवतो. मद्रासहून करून आलेल्या एका भाषांतरात दोघांना एकच इंग्रजी नाव दिलेलं होतं. ते वाचल्यावर मामा दोन दिवस धड जेवले नाहीत. “हा कागद कोणाच्या तरी हातांत गेला असेल गे,” एवढंच म्हणत राहिले. त्यांनी त्या मालकाला तार केली, फोन केला, तरी समाधान होईना, शेवटी स्वतः बसने जाऊन कागद बदलून आले. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी पैसेही दिले नाहीत.

ओळखीचा शब्दसुद्धा ते पाठांतरावर कधी लिहीत नसत. हजारदा आलेला शब्द हजार-एकाव्या वेळी पुन्हा कोशात बघायचा. मी वैतागायची. “मामा, तुम्हाला तर तोंडपाठ आहे की!” त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, “तोंडपाठ आहे म्हणूनच भीति.” आणि भाषांतर पुरं झालं की करून बघायचं. म्हणजे कसं, तर ते झोपाळ्यावर बसून इंग्रजी वाक्य वाचणार आणि मी ओसरीच्या मधोमध उभी राहून रिकाम्या हातांनी ते करणार. डाव्या हाताने दांडा धरा. धरला. उजव्या हाताने चाक सावकाश फिरवा. फिरवलं. कुठल्या बाजूला? तिथे माझा हात अडला की मामा पेन्सिल उचलायचे. हात अडला म्हणजे वाक्य चुकलं, माणूस नाही. रस्त्यावरून जाणारे येणारे थांबून बघायचे. साताऱ्याची सून हवेत काय चाळे करते, अशी गल्लीत चर्चा होती. मामी आतून ओरडायच्या, “ह्या मुलीला वेड लावूं नका हो!”

ही भीती कुठून आली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. ओरिसात नोकरीला लागले तेव्हा एका यंत्राच्या सूचना घाईघाईने इंग्रजीत करून भिंतीवर लावल्या होत्या. त्यातली एक ओळ सुटली होती. चुकली नव्हती, सुटली होती. “मी तिथें उभा होतों,” मामा म्हणाले, आणि त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. त्या यंत्रात सापडलेल्या माणसाचं नाव काय, तो जगला की नाही, मी विचारलं नाही. त्यानंतर मी त्यांच्या भीतीची थट्टा केली नाही असं म्हणणार नाही, कारण स्वभावाला औषध मिळालं नव्हतं. पण ओसरीवर हात हलवताना मात्र मी हसणं बंद केलं.

आता त्या दिवसाचं सांगते. राघव तेव्हा नुकताच सूतगिरणी सोडून एका नव्या कारखान्यात देखभालीचा इंजिनियर म्हणून लागला होता. तिरुवैयारुच्या पुढे कालव्याकाठच्या एका गावात हा कारखाना. भाताचं तूस या मुलखात ढिगांनी पडतं. ते गोंद घालून दाबायचं आणि त्याचे तक्ते करायचे, असा मालकाचा, इकडच्या भाषेत मुदलाळीचा, बेत होता. त्यासाठी जर्मनीहून एक जुनी, तेलाच्या दाबावर चालणारी भलीमोठी प्रेस आणलेली. तिच्या कागदांचं काम मामांकडे. जोडणीचे कागद आधी गेले, चालवण्याचे मग गेले, आणि देखभालीचा शेवटचा भाग नवरात्रात पुरा होत आला. विजयादशमीला उत्पादन सुरू करायचं मालकाने ठरवलं होतं.

त्या शेवटच्या भागात एक पान होतं, ज्याने मामांची झोप उडवली होती. या प्रेसच्या मागे एक जाड पोलादी बाटला असतो. पंप चालू असताना त्यात तेल दाबून भरलं जातं आणि पंप बंद केला तरी तो दाब आत तसाच राहतो. जर्मन लोक त्याला ‘ड्रुकश्पायखर’ म्हणतात, म्हणजे दाबाचं कोठार. पानावर लिहिलेलं एवढंच की कुठलाही जोड उघडण्याआधी बाटल्याखालचा कॉक सावकाश उघडा, मागच्या गेजचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबा आणि मगच पाना लावा. मामांनी हे पान कितीदा लिहिलं आणि फाडलं त्याला हिशेब नाही. “आपल्या माणसाला कसें पटेल? बटण बंद केलं म्हणजे यंत्र मेलं असें आपण समजतों,” ते म्हणायचे. माझ्याकडून त्यांनी तो कॉक हवेत इतक्या वेळा उघडून घेतला की माझं मनगट दुखायला लागलं.

महाराष्ट्रात आपण दसऱ्याला पाटीपूजन करतो, शस्त्रं पुजतो. इकडे त्याच्या आदल्या दिवशी सरस्वतीपूजा आणि आयुधपूजा. घरातली पुस्तकं चौरंगावर रचायची, रेशमी वस्त्राने झाकायची, गंध-फूल वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुनर्पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्या दिवशी एक अक्षरही वाचायचं नाही. मामा हे इतकं कडक पाळायचे की बसवरची पाटीदेखील दुसऱ्याला वाचायला सांगत. कारखान्यांत, गॅरेजांत यंत्रं धुऊन-पुसून लख्ख करतात, चंदन-कुंकू लावतात, केळीचे खुंट बांधतात. मामांची स्वतःची म्हणून आणखी एक रीत होती. वर्षातल्या ज्या पानाची सगळ्यांत जास्त भीती वाटली असेल ते पान ते कोशाच्या वर, देवीच्या अगदी पायाशी ठेवायचे. माझ्याकडून होईल तेवढं केलं, आता तू सांभाळ, असं बहुधा मनातल्या मनात म्हणत असतील. त्या वर्षी त्यांनी आदल्या संध्याकाळी हेच पान गठ्ठ्यातून काढलं. मूळ टाइप केलेलं आणि खालची कार्बन प्रत, दोन्ही टाचणी लावलेली. गठ्ठा काही विजयादशमीच्या सकाळपर्यंत जाणार नव्हता. पानांवर आकडेसुद्धा ते त्याच सकाळी, मुहूर्तावर घालणार होते.

पूजेच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले. पूजा होऊन गेली होती, घरात उदबत्तीचा वास होता. राघव पहाटेच कारखान्यावर जायला घरून निघाला होता. मामी पायसम वाढता वाढता सहज म्हणाल्या, “सकाळीं रघू आला होता. तुम्ही न्हात होतां. कागद तयार आहेत कां म्हणाला, मी दिलों. प्रेसचं तेल गळतें म्हणे, मुदलाळी पूजेला येणार, त्याच्याआधीं जोड उघडून पॅकिंग बदलतों म्हणाला.” मामांचा हात जेवणाच्या पानावरच थांबला. “कोणते कागद?” “तुमच्या मेजावरचे. सगळे.”  मामांनी देव्हाऱ्याकडे बघितलं. मीही बघितलं.  पॅकिंग कसं बदलायचं ते पान राघवच्या हातात होतं. त्याच्या आधीचं पान त्या रेशमाखाली होतं. आकडे नव्हते, त्यामुळे मधलं पान नाही हे कळायलाही मार्ग नव्हता. आणि राघवला तर मामांनी लिहिलंय म्हणजे त्यात काही राहिलं असेल ही शंकाच आली नसती. जसं लिहिलंय तसं, तो अगदी तंतोतंत करणार होता.

मी चप्पल न घालता कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे पळाले. टेलिफोनलाही झेंडूची माळ घातलेली होती. तिकडे घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. ऑफिसला कुलूप लावून सगळे शेडमध्ये असणार. परत आले तर मामा चौरंगासमोर उभे आणि मामी त्यांच्या आडव्या आलेल्या. मामींच्या तोंडावर तेव्हा राग नव्हता, निव्वळ भीती होती. “आज हात लावूं नका. नको, नको. वर्षाची पूजा आहे. मोडली तर रघूलाच कांहीं होईल. तुम्हांला सगळं पाठ आहे, जाऊन तोंडानें सांगा.” मामांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा चौरंगाकडे. मला वाटलं, हा माणूस आता खाली बसणार. देवीला घाबरणारा, मामींना घाबरणारा, कुकरला घाबरणारा माणूस. ते म्हणाले, “रुक्कू, मी घाबरलों आहे. घाबरलेल्या माणसाचं पाठ खरं नसतें. एक ओळ सुटेल.” मग त्यांनी हात जोडले, रेशमी वस्त्र उचललं, अक्षता खाली सांडल्या, आणि कुंकू लागलेलं ते पान त्यांनी काढून घेतलं. मामींनी डोळे मिटून घेतले.

माझी मोपेड दारात हार घालून उभी होती, चाकाखाली पूजेचं लिंबू ठेवलेलं. ते चिरडूनच आम्ही निघालो. मामा मागे बसले. जन्मात पहिल्यांदा. एका हाताने माझा खांदा इतका घट्ट धरलेला की पुढे कितीतरी दिवस तिथे काळंनिळं होतं, आणि दुसऱ्या हाताने पान छातीशी धरलेलं. तिरुवैयारुच्या रस्त्यावर पुलामागून पूल येतात. पूल चढला की वाटायचं आता पोचलोच, आणि पुढे पुन्हा भातशेतं, पुन्हा कालवा. रोपं नुकतीच लागलेली, सगळीकडे पाणी चमकत होतं. समोरून केळीचे खुंट बांधलेले ट्रॅक्टर येत होते, माळा घातलेल्या बस येत होत्या, माणसं हसत होती, प्रसाद वाटत होती. मला त्या सगळ्यांचा राग येत होता. राघवच्या हातांखेरीज माझ्या डोळ्यांपुढे काही नव्हतं. बारीक भोकातून दाबाचं तेल सुटलं तर ते हाताच्या आरपार जातं, हे मीच तर टाइप केलं होतं. मामा कानाशी सारखं काहीतरी म्हणत होते. मला वाटलं नेहमीचं “हळू, हळू” चाललंय. नीट ऐकलं तर ते म्हणत होते, “वेगानें जा गे. अजून वेगानें जा.”

कारखान्याच्या फाटकावर आंब्याची तोरणं होती. शेडमध्ये उजेड कमी. प्रेस धुऊन पुसून तयार, तिच्यावर चंदनाचे ठिपके, आणि खाली गुडघ्यांवर बसलेला राघव. शेजारी मामांचं पॅकिंगचं पान दगडाखाली ठेवलेलं. नट निघत नव्हता म्हणून पान्याला लांब पाइप लावलेला होता आणि त्यावर दोन माणसं भार टाकायच्या बेतात होती. नट का निघत नव्हता, ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.  मी ओरडले. मराठीत ओरडले, त्या माणसांना कळलं नसेल, पण ती पाइप सोडून मागे झाली. राघव वैतागून उठला. “मामा, कालपासून बंद आहे प्रेस. काय झालं?” मामांनी त्याचं मनगट धरलं, त्याला त्या जोडापासून चांगलं लांब ओढून नेलं आणि मग ते पान वाचायला लागले. सरस्वतीपूजेच्या दिवशी, मोठ्याने, एकेक शब्द, अडखळत. मध्येच त्यांचा श्वास कोंडला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

राघव वाचलं तसं करत गेला. प्रेसच्या मागे गेला. तिथलं गेज जुन्या धुळीने माखलेलं, पूजेची साफसफाई तिथपर्यंत पोचली नव्हती. त्याने बोटाने काच पुसली आणि तो तसाच उभा राहिला. कालपासून बंद असलेल्या यंत्राचा काटा लाल खुणेजवळ होता. मग त्याने कॉक सावकाश उघडला. आत कुठेतरी लांबलचक सुस्कारा ऐकू आला... काटा उतरत गेला. शेडमध्ये कोणी हललंही नाही. मामा लांबूनच विचारत होते, “शून्य झालं? रघू, शून्य झालं कां?” राघवने मानेने होकार दिला, पण मामांना तेवढं पुरेना. त्यांनी तोंडाने “झालं” म्हणवून घेतलं, मगच ते खाली, त्या तेलकट जमिनीवर बसले. राघवही बसला. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि माणसांदेखत रडले, साताऱ्याची असूनही.

त्यानंतर मामा आठवडाभर तापाने फणफणले. पूजा मोडल्याची शिक्षा, असं त्यांना वाटत असेल का, कोण जाणे. मला वाटतं, त्यांना देवीपेक्षा स्वतःची जास्त भीती वाटत होती. एका दुपारी मला म्हणाले, “भीति त्याच्या हातांत द्यायची होती गे. मी देवीला दिलों.”  पुढल्या वर्षी पूजेचा चौरंग मांडला, पुस्तकं रचली, मामा त्या वर्षीचं पान घेऊन आले, तेव्हा मामींनी वस्त्र हातातच धरून ठेवलं. “आधीं वाचा. रघू, तूं करून दाखव.” मामांनी वाचलं, राघवने रिकाम्या हातांनी करून दाखवलं. मामींना इंग्रजी येत नाही आणि यंत्रातलं तर काहीच कळत नाही. त्या फक्त राघवच्या हातांकडे बघत होत्या. हात थांबले तेव्हा विचारलं, “शून्य झालं?” राघव म्हणाला, “झालं.” मग त्यांनी पूजा करू दिली. तेव्हापासून दरवर्षी असंच चाललं. यंत्र कोणतंही असो, मामींचा प्रश्न तोच.

मामा गेल्यावर ओसरीवरचे गठ्ठे माझ्याकडे आले. सध्या एका साखर कारखान्याचं काम आहे. साखर आणि मळी वेगळी करणारी मोठी, गरगर फिरणारी टोपली असते, तिचं. कोशात बघते, पुन्हा बघते, पेन्सिलीने डबे सुटे करते. पण कोणता व्हॉल्व्ह, असं विचारणारं आता कोणी नाही, आणि मला भीती वाटते. साधीसुधी नाही, चांगली वाटते. जेवता जेवता मध्येच उठून मी कागद बघायला जाते. राघव म्हणतो, तू मामांसारखी व्हायला लागलीस. तो थट्टेने म्हणतो, पण म्हणताना हसत नाही.

वर्षाच्या आत घरात सण नसतो. म्हणून या वर्षी सरस्वतीपूजा झाली नाही. चौरंग निघाला नाही, पुस्तकं मांडणीवरच राहिली. मामी एकट्या नकोत म्हणून आम्ही दोघं तिकडे जेवायला गेलो होतो. पानं वाढून झाली. राघव बसणार, तेवढ्यात मामी भाताचं भांडं खाली ठेवत म्हणाल्या, “पूजा नाहीं तर नाहीं. तुझ्या भीतीचं पान आणलींस कां?” मी आणलं होतं. कशाला आणलं होतं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, पर्समध्ये घडी करून ठेवलेलं होतं. मी झोपाळ्यावर बसले नाही, उंबऱ्याशी उभी राहून वाचलं. टोपली पूर्ण थांबल्याखेरीज झाकणाला हात लावू नका, असं त्यात आहे. एका ओळीत राघवचा हात हवेत अडला. मी पेन्सिल काढली, ओळ बदलली, पुन्हा वाचली. या वेळी हात गेला. या यंत्राला गेज नाही, काटा नाही, शून्य कुठून येणार... पण मामी त्याच्या हातांकडे बघत होत्या.

“शून्य झालं?”

“झालं, मामी.”

“मग आतां जेवायला बसा.”